भटक्या श्वानाला घर देताना

भटक्या कुत्र्यांचा विषय निघाला की शहरातील माणसे दोन तटांत विभागली जातात. एका बाजूला मुलांच्या काळजीने धास्तावलेले पालक, पहाटे फिरायला निघणारे ज्येष्ठ नागरिक आणि रात्रपाळीहून परतणारे कामगार असतात. दुसऱ्या बाजूला रोज संध्याकाळी पिशवीत भात घेऊन निघणारे प्राणिप्रेमी असतात. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते. या वादात एक मार्ग मात्र फारसा चर्चिला जात नाही. जे कुत्रे रस्त्यावर जगू शकत नाही त्याला घर मिळवून देणे आणि ते मिळेपर्यंत त्याला सांभाळणाऱ्या निवारागृहाला हातभार लावणे, हा तो मार्ग होय.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ मधील आदेशांमुळे 'निवारागृह' हा शब्द घरोघरी पोहोचला. तथापि, निवारागृह म्हणजे कुत्री कोंडून ठेवण्याची जागा, असाच अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात चांगले निवारागृह रुग्णालयासारखे चालते. जखमी, आजारी किंवा अनाथ जनावर तेथे येते, बरे होते आणि बाहेर पडते. बाहेर पडण्याची वाटच बंद झाली, तर शंभर पिंजऱ्यांचे निवारागृह काही महिन्यांत भरते आणि एकशे एकाव्या जखमी कुत्र्याला दार बंद होते. म्हणूनच एखाद्या कुटुंबाने एक कुत्रा दत्तक घेतला की दोन जीवांची सोय होते. घरी गेलेल्याची आणि त्याच्या रिकाम्या जागी येणाऱ्याची.

जुनी परंपरा, जुना वाद

आपल्याकडे कुत्र्याचे स्थान नेहमीच दुहेरी राहिले आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात सोबतच्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास युधिष्ठिर नकार देतो. दत्तात्रेयांच्या पायांशी चार श्वान असतात, खंडोबाच्या संगतीतही कुत्रा असतो, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्याच घरांत 'कुत्र्याचे जिणे' हा शब्दप्रयोगही सर्रास वापरला जातो.

शहरातील कुत्र्यांचे काय करायचे, हा वादही आजचा नाही. ब्रिटिश अमदानीत मुंबईत वर्षातील ठरावीक काळात मोकाट कुत्री मारली जात आणि मारणाऱ्यास दर कुत्र्यामागे इनाम मिळे. जून १८३२ मध्ये या मोहिमेविरुद्ध फोर्ट भागात पारशी समाजाचे लोक रस्त्यावर उतरले. झरथुष्ट्री धर्मात कुत्रा पवित्र मानला जातो आणि अंत्यविधीतील 'सगदीद' या संस्कारात मृतदेहावर त्याची दृष्टी पडावी लागते. निषेधाच्या बंदमध्ये इतर समाजांतील व्यापारीही सामील झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि शहरातील व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरापोळ सुरू झाली. परळचे बाई साकराबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय हेदेखील एकोणिसाव्या शतकातील अशाच दातृत्वाचे फळ आहे. मुक्या जनावरांना आसरा देणाऱ्या संस्था या शहरात प्रथमपासून नागरिकांच्या देणग्यांवर उभ्या राहिल्या, हे या इतिहासातून दिसते. आजही परिस्थिती फारशी वेगळी नाही.

मारण्याकडून नसबंदीकडे

स्वातंत्र्यानंतरही अनेक महापालिका कित्येक दशके कुत्री मारत राहिल्या. तरी संख्या कमी होत नव्हती. एका भागातील कुत्री नाहीशी झाली की तेथील उकिरड्यावरचे अन्न आणि मोकळी जागा यांचा लाभ शेजारच्या भागातील कुत्र्यांना मिळे, आणि वर्ष-दोन वर्षांत स्थिती पूर्ववत होई. कुत्री मारून त्यांची संख्या दीर्घकाळ आटोक्यात राहत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० मधील मार्गदर्शक तत्त्वांतही नमूद झाले. चेन्नईतील 'ब्लू क्रॉस ऑफ इंडिया' या संस्थेने पकडणे, नसबंदी करणे, लस देणे आणि मूळ जागी सोडणे, या पद्धतीचा साठच्या दशकापासून पाठपुरावा केला. १९९६ मध्ये तेथील महापालिकेने ती स्वीकारली. मुंबईतही नव्वदच्या दशकात मारण्याऐवजी नसबंदीचे धोरण आले. पुढे केंद्र सरकारने २००१ मध्ये त्यासाठी नियम केले आणि मार्च २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या 'प्राणी जन्म नियंत्रण नियमां'नी घेतली. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला विशिष्ट खाच पाडलेली असते. त्यावरून ते ओळखता येते.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री होती. मुंबईत २०१४ च्या गणनेत ९५ हजार १७२ कुत्री आढळली, तर २०२४ च्या सर्वेक्षणात ही संख्या ९० हजार ७५७ होती. हे आकडे पाहिले की दोन गोष्टी ध्यानात येतात. एवढ्या कुत्र्यांना घरे मिळणे अशक्य आहे, आणि एवढ्यांना जन्मभर पिंजऱ्यात पोसणेही तितकेच अशक्य आहे. संख्येवरचा उपाय नसबंदी आणि लसीकरण हाच आहे. दत्तकविधानाचे काम वेगळे आहे. ज्या कुत्र्यांना परत रस्त्यावर सोडणे म्हणजे मरणाच्या दारात सोडणे, त्यांच्यासाठी ते आहे.

लसीकरणाने काय साधते, हे पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. शेजारच्या गोव्यात 'मिशन रेबीज' आणि राज्य सरकार यांनी मिळून दरवर्षी लाखाच्या जवळपास कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम चालवली. कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, या तत्त्वावर हे काम झाले. कुत्र्यांमधील रेबीज झपाट्याने घटला आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

न्यायालयांत काय घडले?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये, ज्यांना भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचे आहे त्यांनी ती दत्तक घेऊन घरी न्यावीत, अशा आशयाचा आदेश दिला होता. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. खाऊ घालणाऱ्यांवर दत्तक घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे मत त्या वेळी व्यक्त झाले. दत्तक हा स्वेच्छेचा मामला आहे, ही बाब या प्रकरणात अधोरेखित झाली.

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन सदस्यीय खंडपीठाने दिल्ली व परिसरातील भटकी कुत्री उचलून निवारागृहांत ठेवण्याचा आदेश दिला. देशभर पडसाद उमटल्यानंतर २२ ऑगस्ट रोजी तीन सदस्यीय खंडपीठाने त्यात बदल केला. नसबंदी, जंतनाशक औषध व लसीकरण करून कुत्र्यांना मूळ जागी सोडावे. रेबीजग्रस्त किंवा आक्रमक कुत्र्यांना मात्र सोडू नये. खाऊ घालण्यासाठी जागा निश्चित कराव्यात, असे त्यात सांगितले गेले. प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून कुत्रे दत्तक घेता येईल, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची राहील, हेही त्याच आदेशात नमूद आहे. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून निवारागृहांत ठेवण्याचे आणि त्याच जागी परत न सोडण्याचे निर्देश देण्यात आले. अशा आदेशांनंतर निवारागृहांवरील भार वाढणे अपरिहार्य असते. साहजिकच घरी जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचे मोल वाढते.

घराची गरज कोणाला?

रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला घर हवेच असते, असे नाही. एखाद्या गल्लीत वर्षानुवर्षे राहणारे, नसबंदी व लसीकरण झालेले, तेथील माणसांना ओळखणारे प्रौढ कुत्रे आपल्या जागी सुखी असते. त्याला अचानक चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत आणले, तर ते भेदरते. घराची खरी गरज असते ती आई गमावलेल्या पिल्लांना, अपघातात पाय किंवा दृष्टी गेलेल्यांना, वृद्ध झालेल्यांना आणि मालकांनी सोडून दिलेल्या विदेशी जातींच्या कुत्र्यांना. यांतील शेवटच्या गटाची अवस्था सर्वांत केविलवाणी असते. घरात वाढलेल्या लॅब्रेडॉरला किंवा पामेरिअनला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही, वाहने चुकवता येत नाहीत आणि तेथील टोळी त्याला सामावूनही घेत नाही.

पिल्लांच्या बाबतीत कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत. त्यांनी निरीक्षण केलेल्या ३६४ पिल्लांपैकी जेमतेम १९ टक्के पिल्ले प्रजननक्षम वयापर्यंत जगली, आणि सुमारे ६३ टक्के मृत्यूंमागे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष मानवी कारण होते. वाहनाखाली सापडणे, विष घातले जाणे, उचलून नेले जाणे ही त्यांतील काही कारणे. हिवाळ्याच्या सुरुवातीला आपल्या इमारतीखाली दिसणाऱ्या पाच पिल्लांपैकी चार पावसाळ्यापर्यंत दिसेनाशी होतात, याचा अर्थ हा आहे.

तरीही दिसलेले पिल्लू लगेच उचलणे योग्य नव्हे. आई अनेकदा अन्नाच्या शोधात गेलेली असते. काही तास दुरून लक्ष ठेवावे. किमान आठ आठवडे पिल्लू आईजवळ राहिले, तर त्याची प्रतिकारशक्ती वाढते आणि भावंडांशी खेळताना चावा किती जोरात घ्यायचा, याचे भानही त्याला येते. त्याआधीच वेगळी केलेली पिल्ले पुढे भित्री किंवा चावरी निघण्याचा धोका असतो.

निर्णयापूर्वी

दत्तक घेतलेले कुत्रे परत येणे, हा निवारागृहांचा सर्वांत कटू अनुभव असतो. एकदा घर पाहून परतलेले जनावर पूर्वीपेक्षा अधिक बिथरलेले असते आणि त्याला दुसरे घर मिळणेही अवघड होते. म्हणून होकार देण्यापूर्वी कुटुंबाने काही प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे शोधावीत.

देशी कुत्रे घरात नीट सांभाळल्यास साधारण बारा ते पंधरा वर्षे जगते. आज चौथीत असलेला मुलगा नोकरीला लागेपर्यंतचा हा काळ आहे. या काळात बदली होईल, भाड्याचे घर बदलावे लागेल, घरात बाळ येईल, आजी-आजोबा थकतील. या प्रत्येक प्रसंगी कुत्र्याची सोय काय? दिवसातून दोन-तीन वेळा त्याला बाहेर कोण नेणार? पावसाळ्यात काय करणार? सुटीत गावी जाताना त्याला कोठे ठेवणार? घरातील कोणाला दमा किंवा केसांची ॲलर्जी आहे काय? आणि मुख्य म्हणजे, घरातील सर्वांची संमती आहे काय? मुलाच्या हट्टापायी आणलेल्या कुत्र्याचे सारे काम अखेर आईच्या अंगावर पडते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

खर्चाचाही विचार हवा. कुत्रे दत्तक मिळते, पण त्याचे लसीकरण, नसबंदी, गोचीड-प्रतिबंधक औषधे, आहार आणि अचानक उद्भवणारी आजारपणे यांचा खर्च नियमित असतो. दिवसाचे दहा तास घर बंद राहत असेल, तर पिल्लू आणण्यापेक्षा शांत स्वभावाचे प्रौढ कुत्रे निवडणे शहाणपणाचे ठरते. प्रौढ कुत्र्याचा आकार आणि स्वभाव आधीच कळलेला असतो, आणि माणसाला ते लळा लावत नाही, हा समज निराधार आहे.

ज्यांचा निर्णय होत नाही त्यांच्यासाठी तात्पुरत्या पालकत्वाचा पर्याय उत्तम. शस्त्रक्रियेतून बरे होणारे कुत्रे किंवा लसीकरण पूर्ण न झालेली पिल्ले काही आठवडे घरी सांभाळायची आणि कायमचे घर मिळाले की सुपूर्द करायची, अशी ही व्यवस्था आहे. गर्दीच्या निवारागृहात पार्व्हो किंवा डिस्टेंपरची लागण होऊन दगावू शकणारी पिल्ले यामुळे वाचतात, आणि कुटुंबालाही स्वतःची कुवत कळते.

दत्तकाची प्रक्रिया

जबाबदार संस्था कुत्रे सहजासहजी हवाली करत नाही. ती अर्ज भरून घेते, ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा मागते, घरातील माणसांशी बोलते, काही वेळा घर पाहण्यास येते. भाड्याचे घर असल्यास घरमालकाची हरकत नसल्याची खातरजमा करते. दत्तक घेणाऱ्याकडून नसबंदी व लसीकरणाची लेखी हमी घेते आणि सांभाळणे अशक्य झाल्यास कुत्रे रस्त्यावर न सोडता संस्थेकडेच परत द्यावे, अशी अट घालते. या चौकश्यांनी काहींना अपमान वाटतो. वस्तुतः ज्या ठिकाणी एकही प्रश्न विचारला जात नाही, तेथूनच सावध राहायला हवे. दत्तक घेणाऱ्यानेही कुत्र्याचे वय, पूर्वीचे आजार, दिलेल्या लसी आणि माणसांशी व इतर जनावरांशी असलेले वर्तन यांची माहिती लेखी मागून घ्यावी.

पहिले काही आठवडे

नव्या घरात आलेले कुत्रे प्रारंभी कोपरा धरून बसते, खात नाही, पंख्याच्या किंवा मिक्सरच्या आवाजानेही दचकते. साधारणपणे पहिले तीन दिवस भीतीचे, पहिले तीन आठवडे घराची रीत शिकण्याचे आणि पहिले तीन महिने विश्वास बसण्याचे असतात, असा निवारागृहांतील कार्यकर्त्यांचा ठोकताळा आहे. या काळात पाहुण्यांची वर्दळ टाळावी. कुत्र्यासाठी एक ठरावीक जागा असावी आणि तेथे असताना त्याला कोणी छेडू नये. मुलांनी खाणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला हात लावू नये. शी-शूची सवय लावताना मारणे किंवा नाक घासणे निरुपयोगी ठरते. झोपेतून उठल्यावर व खाल्ल्यावर लगेच बाहेर नेणे आणि योग्य जागी केल्यास शाबासकी देणे, हाच खात्रीचा उपाय होय.

पहिल्या दोन-तीन दिवसांत पशुवैद्याकडे जावे. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून पार्व्हो, डिस्टेंपर आदींची एकत्रित लस सुरू होते व दर तीन-चार आठवड्यांनी पुढील मात्रा दिल्या जातात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास द्यावी लागते आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरावीक काळाने ती पुन्हा टोचावी लागते. पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या शहरांत लेप्टोस्पायरोसिसची लसही महत्त्वाची आहे. सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी करून घ्यावी. त्यामुळे नको असलेली पिल्ले टळतात आणि मादीला गर्भाशयाच्या जंतुसंसर्गापासून संरक्षण मिळते.

रेबीजबाबत गाफील राहून चालत नाही. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. लस न दिलेल्या पिल्लाचा दात लागला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. पिल्लू गोजिरवाणे आहे म्हणून थांबू नये. हळद, चुना किंवा तिखट लावण्याचे घरगुती उपाय कटाक्षाने टाळावेत.

आहाराचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. मीठ-मसाला न घातलेला भात, उकडलेले मांस किंवा अंडी, थोडे दही, शिजवलेल्या भाज्या असा घरचा आहार पशुवैद्याच्या सल्ल्याने देता येतो. दूध सर्वच प्रौढ कुत्र्यांना पचत नाही. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे व बेदाणे त्यांच्यासाठी विषारी असतात. शिजवलेली हाडे आतड्यात अडकतात. माणसांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या परस्पर देणे तर जिवावर बेतू शकते. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने बिथरून पळालेली कुत्री हरवतात. त्या दिवसांत गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक असावा आणि संध्याकाळी कुत्र्याला बंद खोलीत सोबत द्यावी.

सोसायटी आणि कायदा

गृहनिर्माण संस्थेला बहुमताने ठराव करून पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याच वेळी मालकाचीही कर्तव्ये आहेत. सार्वजनिक जागेत कुत्रे पट्ट्याला बांधलेले असावे, त्याची विष्ठा मालकाने उचलावी, रात्री-अपरात्री भुंकण्याचा त्रास होणार नाही याची काळजी घ्यावी. मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांच्या हद्दीत पाळीव कुत्र्याचा परवाना घेणे बंधनकारक आहे. त्यासाठी रेबीज लसीकरणाचे प्रमाणपत्र लागते. हा नियम देशी कुत्र्यालाही तितकाच लागू आहे.

संविधानाच्या कलम ५१(अ)(ग) नुसार सजीव सृष्टीबद्दल करुणा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. जनावराला ठार मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ अन्वये पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पाळलेले जनावर उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत सोडून देणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. परंतु पहिल्या गुन्ह्यासाठी दंडाची कमाल मर्यादा अवघी ५० रुपये आहे. कायद्याचा धाक इतका तोकडा असताना सोडून दिलेल्या जनावरांचा भार निवारागृहांवरच पडतो.

निवारागृहाला मदत कशी करावी?

कुत्रे पाळणे ज्यांना शक्य नाही, त्यांनाही करण्यासारखे बरेच असते. निवारागृहांना मोठ्या पण एकदाच येणाऱ्या देणगीपेक्षा दरमहा येणारी लहान रक्कम अधिक उपयोगी पडते; कारण तांदूळ, औषधे, पशुवैद्य आणि सफाई कामगार यांचा खर्च दर महिन्याला ठरलेला असतो. अनेक संस्था एखाद्या अपंग किंवा वृद्ध कुत्र्याचा मासिक खर्च उचलण्याची योजना चालवतात. असे कुत्रे राहते संस्थेतच, पण त्याच्या पोटाची चिंता मिटते.

घरातील अडगळीतूनही मदत होते. पिल्लांच्या पिंजऱ्यांत अंथरण्यासाठी जुनी वर्तमानपत्रे लागतात, थंडीत जुन्या चादरी, सतरंज्या आणि गोणपाट लागतात. मात्र आधी विचारून द्यावे. शिळे-उरलेले, तिखट-मसालेदार अन्न नेऊन देणे ही मदत नव्हे. आठवड्यातून दोन तास कुत्र्यांना फिरवणे, त्यांचे केस विंचरणे, त्यांची चांगली छायाचित्रे काढणे, हिशेब लिहिणे, औषधे आणून देणे ही कामेही मोलाची असतात. माणसाच्या हाताची सवय झालेल्या कुत्र्याला घर लवकर मिळते, म्हणून त्यांना फिरवणाऱ्या स्वयंसेवकाचा वाटा मोठा आहे. नियमित काम करणाऱ्यांनी स्वतः रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घ्यावी.

देणगी देण्यापूर्वी संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, तिचे लेखे तपासलेले आहेत का, आणि देणगीवर आयकरात सवलत मिळण्याइतपत तिची नोंदणी आहे का, हे विचारावे. नसबंदी केंद्र चालवणाऱ्या संस्थेकडे जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असावी लागते. प्रत्यक्ष भेट देणे सर्वांत चांगले. आजारी जनावरांसाठी स्वतंत्र कक्ष आहे का, पाणी स्वच्छ आहे का, पशुवैद्य कधी येतात, गेल्या वर्षी किती जनावरे आली, किती घरी गेली व किती दगावली, याची नोंद आहे का, हे पाहावे. प्रामाणिक संस्था दगावलेल्यांचा आकडाही लपवत नाही. कंपन्यांनाही आपल्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून प्राणिकल्याणासाठी खर्च करता येतो. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत तशी तरतूद आहे.

रात्रीच्या अंधारात निवारागृहाच्या फाटकाशी पिल्लांचे खोके ठेवून जाणे, ही मात्र मदत मानता येणार नाही. आजारी पिल्लू असे आत आले, तर आतील दहा पिल्लांना संसर्ग होतो. जखमी जनावर दिसल्यास आधी दूरध्वनी करावा, शक्य असल्यास त्याच्याजवळ थांबावे, आणि जागा नसल्याचे उत्तर मिळाले तर जवळच्या पशुवैद्याकडे नेण्याची तयारी ठेवावी.

शहरातील प्रत्येकाने कुत्रा पाळावा, अशी अपेक्षा कोणीच करणार नाही. पण ज्यांना कुत्रा पाळायचाच आहे, त्यांनी दुकानातून हजारो रुपयांचे पिल्लू विकत घेण्यापूर्वी एक रविवार जवळच्या निवारागृहासाठी काढावा. पिवळ्या-तांबड्या अंगाचे, आखूड केसांचे देशी कुत्रे आपल्या हवामानात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे. त्याला वातानुकूलित खोली लागत नाही. ज्यांना पाळायचा नाही, त्यांनी आपल्या गल्लीतील कुत्र्यांच्या कानांवर खाच आहे का, एवढे पाहावे आणि नसल्यास महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला कळवावे. मादीची वेळेवर नसबंदी झाली, तर पुढच्या हिवाळ्यात त्या इमारतीखाली पिल्ले जन्मणार नाहीत, आणि निवारागृहातील एक जागा खऱ्या गरजू जनावरासाठी मोकळी राहील.